लेंटिव्हायरस वापरून पहिला जीन नॉकडाउन: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

पीएचडीला लागून थोडे दिवस होतात न होतात तोच गाईड सहज बोलून जातात, "या जनुकाचा स्टेबल नॉकडाउन करून बघ, मग पुढचं ठरवू." म्हणजे त्या जनुकाचं काम पेशीत कायमचं कमी करायचं, आणि तेही व्हायरसच्या मदतीने. 'व्हायरस' हा शब्द ऐकून नवखा माणूस धास्तावतो आणि सगळी काळजी व्हायरस बनवण्याच्या पायरीवर खर्च करतो. ती पायरी जगभरच्या लॅबनी इतकी घोटून ठेवली आहे की सूचना नीट पाळल्या तर ती बहुधा जमतेच. महिने वाया जातात ते तिच्या आधी आणि नंतर: हेअरपिन (जनुक दाबणारा आरएनएचा तुकडा) चुकीचा निवडलेला असतो, प्युरोमायसिन या पेशी मारणाऱ्या औषधाचा डोस अंदाजपंचे घेतलेला असतो, किंवा कंट्रोल असा असतो की शेवटी हातात आलेला निकाल कुणालाच पटत नाही. म्हणून या लेखात जास्त जागा त्या गोष्टींना दिली आहे.

पेशीत होतं काय

१९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी सी. एलिगन्स या सूत्रकृमीत दाखवलं की दुपदरी आरएनए आत सोडला की त्याच क्रमाचं जनुक गप्प होतं. याला आरएनए इंटरफेरन्स, म्हणजे आरएनएआय म्हणतात. २००६ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. सस्तन प्राण्यांच्या पेशींत मात्र लांब दुपदरी आरएनए गेला की पेशीला विषाणूचा हल्ला झाल्यासारखं वाटतं आणि इंटरफेरॉनचा सगळा गोंधळ सुरू होतो. २००१ मध्ये थॉमस टुशल यांच्या गटाने २१ न्यूक्लिओटाइडचे छोटे तुकडे वापरून ही अडचण सोडवली. हे तुकडे म्हणजे एसआयआरएनए.

एसआयआरएनए थेट पेशीत घातला तर परिणाम काही दिवस टिकतो, मग पेशी विभागत जातात तसा तो विरळ होतो. दोन-तीन आठवड्यांचा प्रयोग असेल, किंवा पेशी ट्रान्सफेक्शनला (बाहेरून डीएनए किंवा आरएनए आत घालण्याला) दाद देत नसतील, तर हेअरपिनच्या आकाराचा आरएनए बनवणारा डीएनए पेशीच्या जीनोममध्येच बसवावा लागतो. हा शॉर्ट हेअरपिन आरएनए, म्हणजे एसएचआरएनए, पेशीतलं डायसर हे एन्झाइम कापतं, एक पदर रिस्क या यंत्रणेत जातो आणि तो ज्या एमआरएनएला जुळतो तो कापला जातो. डीएनए आत पोचवायचं काम लेंटिव्हायरस करतो. हा एचआयव्हीपासून बनवलेला वाहक, म्हणजे वेक्टर, आहे आणि विभागत नसलेल्या पेशींतही तो केंद्रकात शिरतो. न्यूरॉनवर काम करणाऱ्यांना तो आवडतो तो यासाठी.

एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा. हा नॉकडाउन आहे, नॉकआउट नाही. जनुक जागच्या जागी असतं, त्याचा आवाज कमी झालेला असतो. चांगल्या हेअरपिनने एमआरएनए ७० ते ९० टक्के उतरतो. ज्या जनुकाशिवाय पेशी मरतेच, त्यासाठी हे उलट सोयीचं आहे.

कागदपत्रं आणि सुरक्षितता, हूडला हात लावण्यापूर्वी

भारतात रीकॉम्बिनंट डीएनएचं काम जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या नियमावलीखाली येतं. तुमच्या संस्थेची जैवसुरक्षा समिती, जिला सगळे आयबीएससीच म्हणतात, तिच्याकडे प्रस्ताव जातो. गाईडच्या जुन्या मंजुरीत तुमचं जनुक आणि तुमचा वेक्टर आहे का, हे स्वतः वाचून बघा. "सगळं झालेलं आहे" या तोंडी उत्तरावर राहू नका. काम बीएसएल-२, म्हणजे जैवसुरक्षा पातळी २ च्या लॅबमध्ये करायचं.

हा व्हायरस एकदा पेशीत शिरला की पुढे स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. त्याची जनुकं तीन वेगळ्या प्लास्मिडवर (डीएनएच्या छोट्या वर्तुळांवर) वाटलेली असतात आणि वेक्टरच्या एलटीआरमधला (दोन्ही टोकांना येणाऱ्या क्रमातला) यू३ हा भाग कापून टाकलेला असतो. धोका दुसरीकडे आहे. त्याच्या अंगावर व्हीएसव्ही-जी हे प्रथिन असतं, आणि त्यामुळे तो जवळपास कुठल्याही मानवी पेशीत शिरतो. तुमच्या बोटातल्या पेशीही त्यात आल्या. तुम्ही पी५३ किंवा पीटेनसारख्या ट्यूमर सप्रेसरविरुद्धचा (गाठ होऊ न देणाऱ्या जनुकाविरुद्धचा) हेअरपिन बनवत असाल तर ते टोचून घेण्याची कल्पना करून बघा. म्हणून सुई नको, काचेचं पिपेट नको, सगळं प्लास्टिक. ग्लोव्हजचे दोन थर, वरचा थर हूडमधून, म्हणजे काम करायच्या बंदिस्त कॅबिनेटमधून, हात बाहेर काढण्यापूर्वी आतच उतरवायचा. व्हायरस लागलेली प्रत्येक टिप, प्लेट आणि मिडिया (पेशी वाढवायचं द्रव) ताज्या ब्लीचमध्ये किमान अर्धा तास, मग ऑटोक्लेव्ह. ब्लीच त्याच दिवशी पातळ केलेलं हवं, कारण आठवडाभर कोपऱ्यात ठेवलेल्या बाटलीतलं क्लोरीन केव्हाच उडालेलं असतं. काही सांडलं, उडालं, टोचलं तर धुवा आणि लगेच सांगा. लाजू नका.

रुग्णांच्या रक्तातून काढलेल्या पेशी वापरणार असाल तर त्या एचआयव्ही निगेटिव्ह आहेत याची खात्री आधी करा. खरा एचआयव्ही आत असेल तर तो तुमच्या वेक्टरला पेशीबाहेर पडायला मदत करू शकतो.

पहिलं जनुक कोणतं घ्यावं

तुमचं खरं जनुक लगेच घेऊ नका. हेला पेशी (कर्करोगातून आलेली मानवी पेशीरेषा) आणि लॅमिन ए/सी (केंद्रकाच्या आवरणाखालचं प्रथिन) ही जोडी घ्या. टुशल यांच्या गटाने २००१ मध्ये जी जनुकं गप्प करून दाखवली त्यात लॅमिन ए/सी होतं. प्रथिन भरपूर असतं, अँटिबॉडी चांगल्या मिळतात, ते गेलं तरी हेला पेशी तग धरतात, आणि मायक्रोस्कोपखाली केंद्रकाभोवतीचं चमकतं कडं फिकट झालेलं डोळ्यांनी दिसतं. हे एकदा जमलं की तुमच्या खऱ्या जनुकाला यश आलं नाही तर दोष कुठे शोधायचा ते कळतं.

पेशी कुठून आणल्या हे वहीत लिहा. पुण्यातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे. तिथून रीतसर मागवणं आणि शेजारच्या फ्रीझरमधून 'उसनी' व्हायल आणणं यात पैशांचा थोडा आणि मनस्तापाचा मोठा फरक असतो. आल्यावर एसटीआर प्रोफाइल (पेशींची ओळख पटवणारा डीएनए ठसा) तपासा आणि मायकोप्लाझ्मा या छुप्या जीवाणूची टेस्ट करा. मायकोप्लाझ्मा लागलेल्या पेशींवर केलेला नॉकडाउन म्हणजे कशाचा परिणाम कुठे दिसतोय याचा पत्ताच नाही.

हेअरपिन निवडणं

बहुतेक लॅबमध्ये पीएलकेओ.१ हा वेक्टर असतो. बोस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमधल्या आरएनएआय कन्सॉर्शियमने, म्हणजे टीआरसीने, मानवी आणि उंदराच्या हजारो जनुकांसाठी याच वेक्टरमध्ये हेअरपिन तयार केले. त्यांचे क्रम उघडपणे शोधता येतात. तुमच्या जनुकासाठी तिथे असलेल्यांपैकी चार-पाच घ्या. एकच घेऊन नशीब आजमावू नका. पाचातले दोन चांगले निघाले तरी समाधान माना.

स्वतः डिझाइन करायचंच असेल तर काही गोष्टी बघा. २१ बेसचा लक्ष्यक्रम, जीसीचं प्रमाण साधारण ३५ ते ५० टक्के. क्रमात सलग चार टी नकोत, कारण यू६ प्रमोटरवर (हेअरपिन वाचायला सुरुवात होते त्या जागेवर) काम करणारा आरएनए पॉलिमरेज-३ तिथे थांबतो आणि हेअरपिन अर्धवट राहतो. जनुकाच्या सगळ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये (त्यापासून बनणाऱ्या एमआरएनएंमध्ये) तो क्रम आहे का बघा. नाहीतर एक आयसोफॉर्म (त्या जनुकाचं एक रूप) गप्प होतो, दुसरा मजेत चालू राहतो आणि वेस्टर्नवर, म्हणजे प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत, पट्टी जशीच्या तशी दिसते. शेवटी ब्लास्ट (क्रम जुळवून बघणारा प्रोग्राम) करून दुसरं कुठलं जनुक जुळतंय का ते तपासा.

पाचपैकी एक तरी हेअरपिन ३' यूटीआरमध्ये (एमआरएनएच्या शेवटच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात) असावा. कारण पुढे कळेल, पण आत्ताच निवडून ठेवा.

ऑलिगोची, म्हणजे मागवायच्या छोट्या डीएनए तुकड्यांची, रचना ठरलेली आहे. वरच्या ऑलिगोत सुरुवातीला सीसीजीजी, मग २१ बेसचा सेन्स, सीटीसीजीएजी हा लूप, २१ बेसचा अँटिसेन्स आणि शेवटी पाच टी व एक जी. खालचा ऑलिगो एएटीटीसी ने सुरू होतो, मग पाच ए, आणि पुढे तोच सेन्स-लूप-अँटिसेन्स. दोन्ही एकत्र उकळून हळूहळू थंड केले की एजीई-१ आणि इको-आर-१ या एन्झाइमांनी कापलेल्या वेक्टरमध्ये बसणारी टोकं तयार होतात. लूपमध्ये एक्सएचओ-१ या एन्झाइमची कापायची जागा आहे, हे कॉलनी तपासताना उपयोगी पडतं.

क्लोनिंगसाठी नेहमीचे डीएच५-अल्फा बॅक्टेरिया नकोत. एलटीआर दोनदा येत असल्यामुळे प्लास्मिड आपापसात जुळून तुकडा गमावतं. स्टेबल-३ किंवा तत्सम बॅक्टेरिया वापरा आणि ३० अंशांवर वाढवा. सीक्वेन्सिंगला पाठवताना फॉर्मवर 'हेअरपिन आहे' असं लिहा. नाहीतर रीड अगदी लूपपाशी येऊन कोसळते आणि तुम्हाला वाटतं क्लोनच बिघडला.

ऑलिगो येईपर्यंत: किल कर्व्ह

पीएलकेओ.१ मध्ये प्युरोमायसिनला तोंड देणारं जनुक आहे. ज्या पेशीत वेक्टर बसला ती जगते, बाकीच्या मरतात. डोस मात्र प्रत्येक पेशीप्रकाराला वेगळा लागतो. शोधनिबंधात छापलेला डोस तुमच्या पेशींना, तुमच्या सीरमला, तुमच्या प्युरोमायसिनच्या लॉटला लागू पडेलच असं नाही.

२४ खान्यांच्या प्लेटमध्ये पेशी पेरा, दुसऱ्या दिवशी ०, ०.२५, ०.५, १, २, ३, ५ आणि १० मायक्रोग्रॅम प्रति मिली असे डोस द्या. तीन दिवसांत ज्या सर्वांत कमी डोसला एकही पेशी उरत नाही तो तुमचा डोस. बऱ्याच पेशींत तो १ ते ३ च्या दरम्यान येतो. पेशी दाटीने पेरल्या तर डोस जास्त लागतो, त्यामुळे पेशींची संख्या प्रत्यक्ष प्रयोगात असेल तेवढीच ठेवा. वैताग आणणारी पायरी आहे, पण टाळू नका.

व्हायरस बनवणं

कारखाना म्हणजे एचईके२९३टी पेशी. मूळ २९३ ही पेशीरेषा १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला फ्रँक ग्रॅहम यांनी बनवली, आणि २९३ हा त्यांच्या वहीतल्या प्रयोगाचा क्रमांक आहे. टी म्हणजे एसव्ही४० चा लार्ज टी अँटिजेन. त्यामुळे प्लास्मिडच्या प्रती वाढतात.

तीन प्लास्मिड लागतात: तुमचा पीएलकेओ.१, पॅकेजिंगचा पीएसपॅक्स२ आणि आवरणाचा पीएमडी२.जी. शेवटचे दोन लोझानच्या दिदिए ट्रोनो यांच्या लॅबने जगभर वाटले. अ‍ॅडजीन या प्लास्मिड वाटणाऱ्या संस्थेकडे त्यांचे क्रमांक १२२६० आणि १२२५९. शेजारच्या लॅबकडून घेत असाल तर एमटीएच्या (साहित्य देण्याघेण्याच्या कराराच्या) अटी बघून घ्या, आणि आणल्यावर डायजेस्ट करून, म्हणजे एन्झाइमने कापून, खात्री करा. डबीवर लिहिलेलं नाव म्हणजे पुरावा नव्हे.

पहिल्या दिवशी १० सेंटीमीटरच्या प्लेटमध्ये चाळीस-पंचेचाळीस लाख पेशी पेरा. दुसऱ्या दिवशी प्लेट ७० ते ८० टक्के भरलेली हवी. एकूण १० ते १२ मायक्रोग्रॅम डीएनए, साधारण ४:३:१ या प्रमाणात वेक्टर, पॅकेजिंग आणि आवरण. ट्रान्सफेक्शनसाठी पीईआय हे रसायन स्वस्त आणि पुरेसं आहे: दर मायक्रोग्रॅम डीएनएमागे ३ मायक्रोग्रॅम, सीरम नसलेल्या मिडियात मिसळून १५-२० मिनिटं थांबायचं, मग प्लेटवर थेंब थेंब सोडायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मिडिया बदला. इथे हात हलका हवा. या पेशी तळाला नीट चिकटत नाहीत आणि मिडिया जोरात टाकला तर दुधावरच्या सायीसारख्या एकसंध सुटून येतात. प्लेटच्या भिंतीवरून मिडिया ओघळू द्या.

या मिडिया बदलण्यापासून पुढचं सगळं द्रव व्हायरसचं आहे असं समजून वागा. ट्रान्सफेक्शननंतर ४८ आणि ७२ तासांनी मिडिया गोळा करा, हळू फिरवून मेलेल्या पेशी खाली बसवा आणि ०.४५ मायक्रॉनच्या पीईएस किंवा सेल्युलोज असिटेट फिल्टरमधून गाळा. नायट्रोसेल्युलोज फिल्टर व्हायरसला धरून ठेवतो. ०.२२ वापरायचा मोह होतो, त्यातही उत्पन्न घटतं. छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० ला ठेवा. प्रत्येक वेळी वितळवून पुन्हा गोठवलं की बराच व्हायरस मरतो, म्हणून एक ट्यूब एका वापरासाठीच.

डीएनए घाणेरडा असेल तर बाकी काहीही सुधारून उपयोग नाही. एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष) काढलेला मिडीप्रेप, म्हणजे किटने शुद्ध केलेला प्लास्मिड डीएनए, वापरा.

किती व्हायरस द्यायचा

नवख्यांना वाटतं जितका जास्त तितका चांगला. इथे उलटं आहे. प्रत्येक पेशीमागे सरासरी किती कण शिरले त्याला एमओआय म्हणतात, आणि ते प्वासाँ वाटपाने चालतं. एमओआय १ असताना ६३ टक्के पेशींत व्हायरस शिरतो, पण त्यातल्या चाळीसेक टक्के पेशींत एकापेक्षा जास्त प्रती असतात. एमओआय ०.३ ठेवलं तर २६ टक्केच पेशी लागतात, पण त्यातल्या ८६ टक्के पेशींत एकच प्रत असते. बाकीच्या प्युरोमायसिनने जातील.

एक प्रत का हवी? यू६ हा फार जोरकस प्रमोटर आहे. हेअरपिनचा पूर आला की पेशीच्या स्वतःच्या मायक्रोआरएनएंना (जनुकं दाबणाऱ्या छोट्या आरएनएंना) यंत्रणेत जागा उरत नाही. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क के यांच्या गटाने उंदरांच्या यकृतात एएव्ही या दुसऱ्या विषाणूच्या वाहकातून ४९ वेगवेगळे हेअरपिन दिले. ३६ हेअरपिननी यकृताला इजा केली आणि २३ मुळे उंदीर मेले. जनुक कुठलं हे गौण होतं, प्रमाण महत्त्वाचं होतं. पुढे बोस्टनमध्ये सिकल सेल आजारावर लेंटिव्हायरसने बीसीएल११ए हे जनुक गप्प करायची उपचारपद्धती बनवताना संशोधकांनी यू६ सोडून हेअरपिन मायक्रोआरएनएच्या सांगाड्यात बसवला आणि तो फक्त लाल पेशींच्या वंशात चालेल असा प्रमोटर लावला. सहा रुग्णांचे निकाल २०२१ मध्ये छापून आले, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन त्यांच्यात परत वाढलं होतं. नंदुरबार, गडचिरोली किंवा बाकीच्या विदर्भात सिकल सेलचं काम पाहिलेल्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

टायटर, म्हणजे द्रवात कामाचा व्हायरस किती आहे ते, मोजायची सोपी पद्धत अशी. सहा खान्यांच्या प्लेटमध्ये पेशी पेरा, व्हायरसचे पातळ होत जाणारे डोस द्या, प्रत्येक डोसचा एक खाना प्युरोमायसिनसह आणि एक त्याच्याशिवाय. निवड संपल्यावर दोन्हींतल्या जिवंत पेशी मोजा. ज्या डोसला सुमारे पाव भाग पेशी वाचतात तिथे तुमचं एमओआय ०.३ आहे.

इन्फेक्शन आणि निवड

पेशी अर्ध्या भरलेल्या असताना व्हायरस आणि ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली पॉलिब्रीन (व्हायरसला पेशीला चिकटायला मदत करणारं रसायन) द्या. काही पेशींना, विशेषतः प्राथमिक पेशींना, पॉलिब्रीन सोसत नाही. तिथे प्रोटामिन सल्फेट बघा. दुसऱ्या दिवशी मिडिया बदला, त्यानंतरच्या दिवशी प्युरोमायसिन सुरू करा. शेजारी व्हायरस न दिलेली प्लेट हवीच. ती पूर्ण मेली तरच तुमची निवड पूर्ण झाली.

कंट्रोल म्हणून रिकामा पीएलकेओ.१ पुरत नाही. तो रिस्क यंत्रणेला हातच लावत नाही. कुठल्याही मानवी जनुकाला न जुळणारा स्क्रॅम्बल हेअरपिन, किंवा ल्युसिफरेज वा जीएफपीविरुद्धचा हेअरपिन घ्या, आणि त्याचा व्हायरस त्याच दिवशी, त्याच एमओआयला द्या.

झालं हे कशावरून?

क्यूपीसीआर (एमआरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) आधी करा. ७० टक्के घट म्हणजे सीटीमध्ये (सिग्नल दिसायला लागणाऱ्या सायकलच्या आकड्यात) जेमतेम पावणेदोन सायकलचा फरक, ९० टक्के म्हणजे ३.३. तिहेरी नमुने एकमेकांपासून अर्धा सायकल लांब असतील तर हा फरक सांगायला जाऊ नका. पण एमआरएनएवर थांबू नका, प्रथिन बघा. दीर्घायुषी प्रथिन जुन्या साठ्यावर बरेच दिवस टिकतं, म्हणून वेस्टर्न निवडीनंतर काही दिवसांनी परत करा.

आणि मग खरा प्रश्न: पेशींत दिसलेला बदल तुमच्या जनुकामुळेच आहे का? हेअरपिनमधून रिस्कमध्ये जाणाऱ्या पदराच्या दुसऱ्या ते आठव्या बेसचा छोटा 'सीड' भाग मायक्रोआरएनएसारखा वागून भलत्याच जनुकांना दाबू शकतो, आणि ब्लास्टमध्ये ते दिसत नाही. याचं चांगलं उदाहरण मेल्क. स्तनाच्या कर्करोगातल्या पेशींना हे जनुक लागतंच, असं अनेक आरएनएआय प्रयोगांनी सांगितलं होतं. त्याविरुद्धचं औषध रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं. २०१७ मध्ये जेसन शेल्टझर यांच्या गटाने क्रिस्परने (डीएनए थेट कापणाऱ्या तंत्राने) मेल्क पूर्ण काढून टाकलं, आणि पेशी निवांत वाढत राहिल्या. एवढंच नाही, त्या औषधाने मेल्क नसलेल्या पेशीही मेल्याच.

म्हणून किमान दोन वेगळ्या क्रमांचे हेअरपिन एकच परिणाम दाखवायला हवेत, आणि जो जास्त नॉकडाउन देतो त्याचा परिणामही जास्त दिसायला हवा. त्याही पुढे रेस्क्यू. ३' यूटीआरमधला तो हेअरपिन इथे कामी येतो: जनुकाचा फक्त कोडिंग भाग परत दिला तर हेअरपिन त्याला ओळखत नाही, प्रथिन परत येतं, आणि परिणाम खरा असेल तर पेशी मूळपदावर येतात. नाही आल्या तर निराश होण्याआधी क्रिस्परचा प्रयोग करून बघा. रिव्ह्यूअर तोच मागणार आहे.

काही बिघडलं तर

निवडीत सगळ्याच पेशी मेल्या: टायटर कमी, किंवा प्युरोमायसिन लवकर दिलं. एकही मेली नाही: प्युरोमायसिन जुनं, किंवा पेशींत आधीच प्रतिकार आहे, इतिहास तपासा. पेशी जगल्या पण नॉकडाउन नाही: हेअरपिन निकामी, पुढचा घ्या. स्क्रॅम्बलच्या पेशीही आजारी दिसतात: व्हायरस किंवा पॉलिब्रीन जास्त झालं.

नॉकडाउन जमला त्याच आठवड्यात पाच-सहा व्हायल गोठवून टाका. ज्यांच्यात जनुक नीट दबलंय त्या पेशी जर हळू वाढत असतील, तर जेमतेम दबलेल्या पेशी त्यांना पॅसेजगणिक, म्हणजे दर वेळी नव्या फ्लास्कमध्ये हलवताना, मागे टाकतात आणि महिन्याभराने फ्लास्कवर नाव तेच असतं, नॉकडाउन गायब. प्युरोमायसिन चालू ठेवलं तरी हे घडतं, कारण वेक्टर आहे म्हणून हेअरपिन तितकाच बनेल असं नाही. व्हायलवर हेअरपिनचा क्रमांक, पॅसेज आणि तारीख लिहा, आणि प्रत्येक मोठ्या प्रयोगाआधी त्याच फ्लास्कमधून एक वेस्टर्न लावा.